लॉकरवरची पट्टी

केकवर जांभळ्या आयसिंगने लिहिलं होतं : ‘स्वागत असो, मुख्य कोच टॉलिव्हर.’

हॉलिस पेटिग्रूने ते काचेतून वाचलं. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते अगदी साधं होतं. टॉलिव्हरचं स्वागत कशाला? तो एकोणीस वर्षं आपला मदतनीस कोच आहे. घरातच राहणाऱ्या माणसाला दारात उभं करून कुणी ओवाळतं का? मग त्याने पुन्हा वाचलं, आणि या वेळी ‘मुख्य’ हा शब्द दिसला. केकच्या कडेने कॉलेजचा सोनेरी रंग फिरवलेला होता, मधोमध साखरेचा नारिंगी बास्केटबॉल बसवला होता, आणि चेंडूवरच्या काळ्या रेघा जराशा वाकड्या झाल्या होत्या. त्या रेघांवरच त्याची नजर अडकून पडली. जणू हे वाकडेपण कुणीतरी सरळ केलं तर बाकीचंही आपोआप जागेवर येईल. मार्चमध्ये मोसम संपला की या दुकानाच्या बेकरीत यायचं आणि मुलांच्या निरोपाच्या जेवणाचा केक सांगून जायचं, हा त्याचा एकतीस वर्षांचा नेम. आजही तो त्यासाठीच आला होता. काचेमागचं थंड कपाट घूं घूं करत होतं. तो आवाज आधीपासून चालूच असणार, पण त्याला वाटलं की तो आत्ताच सुरू झाला, आणि बाहेर नाही, आपल्या कानात.

“बघितलात का?” गल्ल्यामागून सिस्टर अर्नेस्टीन म्हणाली. चर्चमध्ये सगळे तिला सिस्टर म्हणत; तिथल्या गाण्यात ती पहिल्या रांगेत उभी राहायची. बेकरीत तिचा आवाज उगाच मोठा वाटायचा. “मीच लिहिलाय. पण कोच, हे काही बरोबर नाही हं. माणूस रिटायर होतो आणि चर्चमध्ये एका शब्दाने बोलत नाही! रविवारी तुमचा कान धरणार होते मी, सगळ्यांसमोर.”

“कुणी मागवला?” त्याने विचारलं. त्याचा आवाज नीट आला. त्याचंच त्याला नवल वाटलं.

“तुमच्याच क्रीडा विभागाच्या ऑफिसाने. तीन वाजता समारंभ आहे म्हणे, अडीचला माणूस येणार आहे न्यायला. तुम्हाला काय हवंय? नेहमीचाच ना, बटरक्रीमचा, मोठा...” आणि मग तिने मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. प्लास्टिकचा हातमोजा घातलेला तिचा हात तोंडावर गेला, आणि ओठाला थोडं जांभळं लागलं. “अरे देवा,” ती म्हणाली. “हॉलिस. तुला माहीतच नव्हतं?”

ती त्याला लहानपणी ‘तू’ म्हणायची. तो कोच झाल्यापासून ‘तुम्ही’ म्हणू लागली होती. आज ती एका क्षणात एकतीस वर्षं मागे गेली, आणि त्या ‘तू’ने त्याला केकपेक्षा जास्त धक्का बसला. घरात कुणी वारल्यावरच अशी माणसं ‘तू’वर येतात. त्याला सकाळचा निरोप आठवला. क्रीडा विभागाच्या मुख्यांचा : ‘दोन वाजता जरा वर येऊन जा. पाच मिनिटांचं काम.’ त्याला वाटलं होतं, गाड्या लावण्याच्या जागेवरून पुन्हा काही कुरकुर असेल. त्याने ‘बरं’ असं उत्तरही पाठवलं होतं. पाच मिनिटं. एकतीस वर्षांना ती पुरतील असं कुणीतरी बसून ठरवलं असेल. कदाचित पाचही जास्तच होतील असं वाटलं असेल.

हाताचं काय करावं हे न कळून त्याने ते जाकिटाच्या खिशात घातले, आणि उजव्या हाताच्या बोटांना काहीतरी चिकट लागलं.

ती पट्टी होती. खेळाडूंच्या घोट्याला बांधतात ती पांढरी चिकटपट्टी, टीचभर लांब. तिच्यावर त्याच्याच हाताने काळ्या शाईत लिहिलेलं होतं : जे. फिल्ड्स. आज सकाळी सहा वाजता त्याने ती जमारी फिल्ड्सच्या लॉकरवरून काढली होती.

त्याच्या संघात ही रीत होती. दर वर्षी पहिल्या सरावाच्या दिवशी कोच स्वतःच्या हाताने प्रत्येकाचं नाव पट्टीवर लिही आणि लॉकरवर लावी. आणि मोसम संपल्यावर ज्याला पुढच्या वर्षी ठेवायचं नाही, ज्याची स्कॉलरशिप दुसऱ्याला द्यायची, त्याची पट्टी एक दिवस पहाटे तोच काढून टाकी. मुलगा येई, कोरा दरवाजा बघे, आणि समजे. बस्स. बोलणं नाही, बोलावणं नाही. ही रीत पेटिग्रूला त्याच्या स्वतःच्या कोचकडून आली होती. म्हाताऱ्या स्ट्रिकलंडने त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, “तोंडाने सांगशील तर पोरं रडतील, आया फोन करतील, तुझी झोप जाईल. पट्टी बोलत नाही रे. पट्टीशी कुणाला भांडता येत नाही.” ते खरं होतं. भांडायला कुणी आलं नव्हतं. जुनी मुलं याबद्दल नव्या मुलांशी कधी बोलत नसत. अपशकुन वाटायचा त्यांना. आणि पेटिग्रूला झोपही बरी लागत आली होती. निदान तसं तो समजत आला होता.

जमारीचा वर्ग बारा वाजता सुटतो, हे त्याला या वेळी आठवलं. रोज वर्ग सुटला की तो पोरगा कुणी सांगितलेलं नसताना जिममध्ये येतो आणि दोनशे बास्केट टाकून मग जेवायला जातो. मोसम संपला तरी येतो. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

“हा केक मी नेतो,” तो म्हणाला.

“अरे, पण त्यांचा माणूस...”

“मी त्यांचाच माणूस आहे की. निदान दोन वाजेपर्यंत तरी.”

अर्नेस्टीनने खोका बांधला. दोरीची गाठ तिला दोनदा मारावी लागली. खोका त्याच्या हातात देताना ती हळूच म्हणाली, “तुझे वडील, आपले रेव्हरंड, असते ना, तर आत्ता डोक्याला हॅट घालून निघाले असते, आणि एकेकाच्या दारात जाऊन उभे राहिले असते.” तिला राग आला होता, त्याच्यासाठी. पण ते वाक्य त्याला भलतीकडेच लागलं.

गाडीत त्याने खोका शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. माणसाला लावावा तसा. ब्रॉडवेवरून पश्चिमेकडे वळताना दारू गाळण्याच्या कारखान्यांचा वास आला, शिजून आंबत चाललेल्या मक्याचा गोडसर वास. नदीवरून वारा आला की अख्ख्या लुईव्हिलवर तो पसरतो. लहानपणापासून त्याला तो वास सकाळचा वाटत आलेला. आज त्याने गाडीची काच वर केली. मला काढलं, असं त्याने मनात म्हणून बघितलं. वाक्य बरोबर होतं, पण त्याला वजनच नव्हतं. टीव्हीवर दुसऱ्याच कुठल्या संघाची बातमी ऐकावी तसं. सलग तीन वर्षं आम्ही हरलोय, हे त्याला माहीत होतं. मी चौसष्ट वर्षांचा आहे, माझी बायको वर्निता गेल्यापासून टाइमआउटमध्ये कधीकधी बोलता बोलता थांबतो, पाटीवर अर्धाच डाव काढतो, हेही माहीत होतं. काढणारच होते. कधीतरी प्रत्येकाला काढतात. पण केक! मी उभा आहे, जिवंत आहे, माझं ‘बरं’ असं उत्तर त्यांच्या फोनमध्ये आहे, आणि त्याआधीच दुसऱ्याच्या नावाची साखर गोठून घट्टसुद्धा झाली आहे. आणि कॅल्विन? कॅल्विन टॉलिव्हरला कधीपासून माहीत होतं?

मग सकाळचं दृश्य त्याच्यासमोर आलं. जसं घडलं तसंच, पण आता त्यात उजेड आल्यासारखं. तो जमारीच्या लॉकरपाशी उभा होता, नखाने पट्टीचं टोक सोडवत. टॉलिव्हर दोन कॉफी घेऊन दारात आला. त्याने पट्टीकडे पाहिलं, मग पेटिग्रूकडे पाहिलं, आणि म्हणाला, “कोच...”

“काय?”

टॉलिव्हरने हातातल्या कपांकडे पाहिलं. “काही नाही. कॉफी गार होईल.”

“मग आण की इकडे. पाय दुखतात का तुझे?”

आणि दोघे हसले होते! पेटिग्रूने स्टिअरिंग घट्ट धरलं. तो तेव्हाच सांगायला आला होता. त्याच्या तोंडात आलं होतं. आणि मी हातात पट्टी धरून त्याला दाखवत होतो की आपल्याकडे कसं सांगतात.

रेल्वेच्या फाटकापाशी लाल दिवे लुकलुकायला लागले आणि दांडा खाली आला. मालगाडी होती. कोळशाचे, रसायनांचे, मक्याचे डबे, आणि पलीकडे टोक दिसत नव्हतं. या वस्तीत सगळेच या गाड्यांना शिव्या देतात. उशीर झाला तर कुणीही म्हणतं ‘गाडी आडवी आली’, आणि ते नेहमी खरंच असतं. अकरा पस्तीस. डबे खडखडत जात राहिले, एका ठेक्यात, आणि त्या ठेक्यावर त्याला वडिलांचा आवाज ऐकू आला. रेव्हरंड पेटिग्रू बोलायला सुरुवात करत तेव्हा बोलतच असत, शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसं. मग एखाद्या शब्दावर आवाज जरा लांबे, ऑर्गन वाजवणारा तो धरे, पुढचं वाक्य थोडं वर चढे, आणि बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे लागलं ते कुणालाच सांगता येत नसे. कपाळावर घाम, हातात रुमाल, आणि खाली शंभर माणसं टाळ्यांवर. त्यांचं सगळ्यांत आवडतं आख्यान जगातल्या पहिल्या नवरा-बायकोच्या बागेचं होतं. हॉलिसने ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकणंच सोडून दिलं होतं. ‘देवाने त्या दोघांना बागेतून काढलं,’ वडील गात, ‘काढलंच! मी म्हणत नाही की काढलं नाही! पण कसं काढलं, विचारा मला!’ आणि लोक ओरडत, ‘कसं, रेव्हरंड?’ ‘चिठ्ठी नाही पाठवली! देवदूताला पुढे नाही घातलं! संध्याकाळच्या गारव्यात स्वतः चालत आला, पावलं वाजवत आला, झाडाआडून त्यांना ऐकू जावीत अशी! नाव घेऊन हाक मारली! आणि बाहेर घालवण्याआधी काय केलं? बसला! सर्व सृष्टीचा धनी सुई घेऊन बसला, आणि त्यांच्या अंगावर कपडे शिवून दिले!’ इथे अख्खं चर्च उभं राही. आणि हे नुसतं गाणं नव्हतं. गल्लीत कुणाचा मुलगा लढाईत मेला, कुणाला गिरणीतून काढलं, तर वडील हॅट घालून चालत निघत. गाडी असतानाही चालत. दारात हॅट काढत. “वाईट बातमी पायांनी न्यावी,” ते म्हणायचे. “म्हणजे वाटेत तुझ्याही अंगातून ती थोडी जाते.” आणि एखादा नवखा उपदेशक व्यासपीठावर अडखळला, घशाला कोरड पडून उभा राहिला, तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या त्याला हसत नसत. पंखे हलवत, सगळ्या एका सुरात म्हणत, “सावकाश, लेकरा. सावकाश.”

आणि या माणसाच्या मुलाने एकतीस वर्षं पट्ट्या काढल्या. याबद्दल कुणी त्याला कधी विचारलं नव्हतं. वडिलांनीही नाही, त्यांना रीत ठाऊकच नव्हती. त्याने ती घरी कधी सांगितली नव्हती, आणि का सांगितली नव्हती ते त्याला आत्ता, फाटकापाशी, केकशेजारी बसून कळलं. टॉलिव्हरची पट्टीही त्यानेच काढली होती. तेवीस वर्षांपूर्वी. तेव्हा टॉलिव्हर याच संघातला खेळाडू होता, दुसऱ्या वर्षाचा, गुडघा दुखावलेला. तो ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला होता, हातात टोपी, ओठ हलत होते. पेटिग्रू सामन्याची फिल्म बघत होता. मागे न वळता तो म्हणाला होता, “जाताना दार लाव.” दुसऱ्या दिवशी टॉलिव्हर आला आणि संघाचे टॉवेल धुवायला लागला. त्या दाराबद्दल दोघे कधीही बोलले नाहीत. लोक म्हणत, काय निष्ठा आहे पोराची! पेटिग्रूही म्हणत असे. निष्ठा! त्याला बाकी कुठली भाषा आम्ही शिकवली होती?

शेवटचा डबा गेला. अकरा बावन्न.

जिमच्या मागच्या दारातून तो आत शिरला, खोका दोन्ही हातांत, दार कोपराने ढकलत. कॉरिडॉरमध्ये मेणाचा आणि जुन्या घामाचा वास. चेंडूचा आवाज येत नव्हता. म्हणजे वेळ आहे, असं त्याला वाटलं. पट्टी परत लावता येईल; मग बोलावून, बसवून नीट सांगता येईल. लॉकरच्या खोलीचं दार त्याने खांद्याने उघडलं.

जमारी बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. “वर्ग लवकर सोडला आज,” तो म्हणाला. त्याच्यामागे लॉकरवर पट्टी होती. नवी, पांढरी, एका बाजूला चढलेली, आणि तिच्यावर पोरसवदा अक्षरात : जे. फिल्ड्स. “माझी पट्टी पडली होती, कोच. हल्ली चिकटतच नाहीत धड. मी कपाटातला रोल घेतला. चालेल ना?”

पेटिग्रू खोका धरून उभा राहिला. ही शक्यता त्याच्या डोक्यात आलीच नव्हती. जमारीला कुणी सांगितलंच नव्हतं की पट्टी पडत नसते. पहिल्या दिवशी याच लॉकरपुढे उभं राहून या पोराने नावाचा फोटो काढून आईला पाठवला होता. पेटिग्रूने बघितलं होतं आणि मनातल्या मनात हसलाही होता. आता एक सोपी वाट समोर होती. ‘चालेल’ म्हणायचं. दोन वाजता आपण कोच राहणार नाही. जमारीच्या जागी यायचा तो ओहायोचा उंच मुलगा टॉलिव्हरनेच शोधलाय, त्याला शब्द दिलेला आहे. टॉलिव्हर एखाद्या पहाटे येईल आणि ही वाकडी पट्टी काढेल. किती सोपं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि पहिल्याच शब्दावर अडखळला. कुठूनतरी, चर्चच्या पुढच्या बाकावरून, पंख्यांची सळसळ आली.

खोका बाकावर ठेवून तो मुलाशेजारी बसला.

“पडली नाही ती,” तो म्हणाला. “सकाळी मी काढली.” आणि खिशातून ती बाहेर काढली. तिला खिशातलं लोकरीचं भुसकट चिकटलं होतं.

“का?”

“पुढच्या वर्षी तुला जागा नाही, जमारी. तुझी स्कॉलरशिप दुसऱ्याला द्यायची ठरलंय. मी ठरवलंय.”

जमारी हसला. “गंमत करताय.” मग त्याने कोचच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू, जागच्या जागीच विझलं. “मी काय केलं?”

“काही नाही. सगळ्यांत जास्त घाम तू गाळलास. पाय हळू आहेत तुझे, आणि आम्हाला उंच पोरगा हवा होता. बाकी कारण नाही.”

“आणि हे तुम्ही पट्टी काढून सांगणार होता?”

“हो.”

“वा!” पोरगा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते पुसत नव्हता. “छान! आणि आईला मी काय सांगू? पट्टी पडली?”

एकतीस वर्षं याच प्रश्नापासून तो पळाला होता. प्रश्न समोर आला तेव्हा तो फार लहान होता, आणि त्याला उत्तरही होतं. “मी सांगतो तिला. आत्ता, तुझ्यासमोर. ओरडली तर ओरडू दे.”

“आत्ता नको,” जमारी म्हणाला. त्याने बांधलेली नाडी पुन्हा सोडली. पेटिग्रू उठला नाही. बसून राहणं इतकं अवघड असतं हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी मुलाने, काहीतरी करायचं म्हणून, खोक्याची दोरी सोडवली आणि झाकण उचललं. वाचलं. पुन्हा वाचलं. “मुख्य कोच टॉलिव्हर... म्हणजे तुम्हालाही काढलं?”

“हो.”

“तुम्हाला कधी सांगितलं?”

“अजून सांगितलं नाही. दुकानात वाचलं.”

जमारीने त्याच्याकडे पाहिलं, केककडे पाहिलं, आणि नाक ओढत म्हणाला, “तुम्हाला केक तरी मिळाला.”

पेटिग्रूला हसू फुटलं. ते छातीत दुखलं, आणि दुखलं तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा त्याला समजलं की हे खरंच झालं आहे. मला काढलं आहे. वाक्याला आता वजन आलं होतं. पण ते एकट्याच्या अंगावर नव्हतं. त्याने फोन काढला. “पूर्वेकडे डोंगरात एक लहान कॉलेज आहे. तिथला कोच माझ्याबरोबर खेळलेला. त्याच्याकडे पाय हळू असलेलीच पोरं आहेत सगळी, त्याला लांबून नेम धरणारा शूटर हवा असतो. मी त्याला सांगतो की या पोराला तू घे. तो घेईलच असं नाही. नाही म्हणाला तर दुसऱ्याला सांगेन. तू ऐक मी काय बोलतो ते, म्हणजे मागाहून शंका नको.”

पलीकडे घंटी वाजत होती तेव्हाच कॉरिडॉरमध्ये पावलं आली. उजवा गुडघा कट् करून वाजणारी पावलं. तेवीस वर्षं ओळखीची. ती दारापर्यंत आली आणि थांबली. मागे फिरली. चार पावलं गेली. पुन्हा आली.

पेटिग्रूने फोन बंद केला. “झाकण,” तो कुजबुजला, आणि जमारीने झाकण लावलंच होतं. वर एक मोठा टॉवेलही टाकला, आणि आपण त्याच्यापुढे सरकून बसला, सांगायला न लागता.

दार उघडलं. टॉलिव्हरने टोपी काढलेली होती आणि ती तो दोन्ही हातांत चुरगळत होता. त्याच्या मिशांत आता पांढरे केस होते, पण उभा तो अगदी त्या दिवशीसारखाच होता, ओठ हलत असलेला, आवाज न फुटलेला. “कोच,” तो म्हणाला. “ते म्हणाले होते, दोनच्या आधी बोलायचं नाही. पण सकाळी मी... तुमच्याशी...” आणि तो अडखळला.

पेटिग्रू बाकावर जरा सरकला आणि शेजारची जागा हाताने पुसली.

“ये, बैस, कॅल्विन,” तो म्हणाला. “सावकाश.”